तिन्हीसांजेचा सेट

“हात नका लावू त्याला, दादा. आता बोलायची वेळ झाली त्याची,” सुनंदाबाई म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. खरं तर मी तो पुढे नेलाच नव्हता. हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि हात पोटाशी होता. पण बाईंना मी शूर वाटलो असेन, तर तो गैरसमज घाईने दूर करायची मला गरज वाटली नाही.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीचं हे गेट ऑफिस. एक टेबल, एक टेलिफोन, पंचिंगचं मशीन आणि भिंतीला लाकडी फळी. फळीवर वीतभर उंचीचा काळा रेडिओ सेट उभा. त्याच्या वर खिळ्याला म्हात्र्यांचा हार घातलेला फोटो. सेटच्या बुडातून तपकिरी, चिकट ओघळ निघून फळीच्या कडेपर्यंत येऊन वाळलेला. दुसऱ्या शिफ्टचे कामगार म्हणत होते, सेट रडतो. आणि दिवेलागणीला बोलतो.

मी पेणचा. एस.टी. स्टँडच्या मागे माझं वायरलेस सेट दुरुस्तीचं दुकान होतं. खिशात मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा कारखान्यांच्या सिक्युरिटीकडे, खाडीतल्या बार्जवर वॉकी-टॉकी असायचे आणि बिघडले की माझ्याकडे यायचे. बाहेर मला लोक ‘इंजिनिअर’ म्हणत. घरी मात्र मिक्सर बिघडला की आमची सौ. तो पिशवीत घालून गुपचूप दुसऱ्याकडे नेई. एकदा मी दुरुस्त केलेला मिक्सर उलटा फिरला होता, एवढंच कारण. ती हा किस्सा अजून पाहुण्यांना सांगते. मी मग पाहुण्यांना रोह्याचा किस्सा सांगतो.

त्या दिवशी सकाळी कंपनीच्या पर्सोनेल मॅनेजरचा, म्हणजे साहेबांचा फोन आला.

“आमचा गेटवरचा सेट बोलतो.”

“साहेब, तो बोलायलाच घेतलाय ना?”

“बंद असताना बोलतो! स्विच बंद, सेल संपलेले, तरी बोलतो. दुसरी शिफ्ट मेन गेटने यायला तयार नाही. मागच्या गेटने येतात, पंचिंग करत नाहीत. परवा एकाने गेटवर नारळ फोडला. तुम्ही या.”

“येतो. पण साहेब, असं कधीपासून?”

“दसऱ्यानंतर. आणि ऐका. युनियनवाले म्हणतात, बाईंना तिथून हलवा, म्हणजे हे थांबेल. माझ्याकडे त्यांच्यासाठी दुसरी जागा नाही. त्या टेम्पररी आहेत. समजलं ना?”

समजलं. टेम्पररी माणसाला जागेवरून हलवलं की ते घरीच जातं.

म्हात्रे हे त्या गेटचे ऑपरेटर. टेलिफोन, रेडिओ, सगळं तेच बघत. श्रावणात झोपेतच गेले. कंपनीने त्यांच्या जागेवर त्यांच्या बायकोला, सुनंदाबाईंना घेतलं. बाई मूळच्या पेणजवळच्या खाडीकाठच्या. माहेरची मिठागरं. लग्नानंतर रोह्याजवळ वरशाला दोन खोल्यांत राहत होत्या. सासू अंथरुणाला, दोन मुली शाळेत. ही नोकरी गेली असती, तर वरशाचं बिऱ्हाड मोडून माहेरी जाऊन मिठाच्या टोपल्या वाहायच्या, हे त्यांनी मला चहा देतादेता सांगितलं. रडल्या नाहीत. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

“पन दादा, एक सांगते,” त्या म्हणाल्या. “लोक म्हंतात, नवरा बोलतो. मी काय त्यांचा आवाज वळखत नाय? हा त्यांचा नाय. हा त्यांना बोलावनारा हाय.”

मी चहा बशीत ओतला तो थोडा टेबलावर गेला.

आता सेटबद्दल थोडं सांगतो. हा वॉकी-टॉकी नव्हता, स्कॅनर होता. वॉकी-टॉकीतून बोलता येतं आणि ऐकताही येतं. स्कॅनर फक्त ऐकतो. त्यात ठरलेली चॅनेल भरून ठेवलेली असतात. तो एकेका चॅनेलवरून फिरत राहतो, आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. गस्तीच्या हवालदाराने एकेका दाराला कान लावत जावं तसं. आसपासच्या कारखान्यांत आग लागली, गॅस सुटला, तर गेटला लगेच कळावं म्हणून कंपनीने रीतसर परवानगी काढून तो ठेवला होता. त्याला छतावरच्या अँटेनाची वायर जोडलेली होती, म्हणून त्याला लांबचंही ऐकू येई. लाइट गेली तरी चालावा म्हणून पोटात पेन्सिल सेल. आणि एरवी प्लगमधून अ‍ॅडॉप्टर, म्हणजे भिंतीतली वीज सौम्य करून सेटला पाजणारा तो काळा ठोकळा.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. फॉल्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्क्रू खोलू नका. नाहीतर तुम्ही खोलता, सगळं ठीक दिसतं, तुम्ही परत लावता, आणि तुमची पाठ वळली की ते पुन्हा सुरू. म्हणून मी नुसतं बघितलं. सेटचा खटका ‘ऑन’वर होता, पण सेट मेलेला. प्लगमध्ये टेस्टर घातला, पेटला नाही. बोर्डावरचं बटण खाली केलं, तरी नाही; मग ते वर करून बंद ठेवलं. म्हणजे प्लग मेलेला, सेल मेलेले, फोटोतले म्हात्रेही… तर अशा तिघांच्या संगतीत मी आणि बाई तिन्हीसांजेची वाट बघत बसलो.

“रोज याच वेळेला?” मी विचारलं.

“आधी उशिरा बोलायचा. आता लवकर बोलतो. दिवस ल्हान व्हत चालले ना.”

दिवसाच्या मापाने वेळ बदलणारी वस्तू मी तोवर एकच ऐकली होती, आणि तिचं नाव मला त्या खोलीत घ्यायचं नव्हतं.

गेटचा सिक्युरिटी गार्ड गायकर दारात उभा होता. वयाने मोठा, मिश्या मोठ्या. पण पाय उंबऱ्याच्या बाहेर.

“आत या की, गायकर,” मी म्हणालो.

“ड्युटी बाहेरची हाय,” तो म्हणाला. “आनि सकाळी काय व्हतं ते सांगितलं का गो सुनंदा?”

“नाय सांगितलं.”

“सकाळी कन्हतो तो. आजारी मान्सावानी. मंग गप व्हतो.”

बाहेर सायरन झाला. पहिली शिफ्ट सुटली. दुसऱ्या शिफ्टचे लोक येऊन गेटबाहेर, रस्त्यापलीकडे घोळका करून उभे राहिले. आज पेणहून माणूस आलाय हे सगळ्यांना कळलं होतं. कोणाला वाटत होतं मी भूत उतरवणारा भगत आहे. माझ्या हातातल्या टेस्टरकडे ते ज्या आदराने बघत होते, तो आदर पुन्हा कधी माझ्या वाट्याला आला नाही.

उजेड विझला. समोरच्या डोंगराची कड काळी झाली. रस्त्यावरचे दिवे, गेटवरचे दिवे एकदम लागले.

आणि फळीवर खरखर सुरू झाली.

सेटवरची लाल बत्ती पेटली. आकडे धावायला लागले. मी प्लगच्या बटणाकडे बघितलं. बंद. माझ्याच हाताने बंद केलेलं. आकडे धावता धावता एकदम थांबले आणि कुठल्यातरी विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

“…म्हात्रे… म्हात्रे… दिवा लागला काय?”

थोडं थांबून पुन्हा.

“…लागला काय दिवा? म्हात्रे…”

मी उठलो नाही. लोक पुढे म्हणाले, इंजिनिअर जागचा हलला नाही, काय छाती आहे. खुर्ची मी खालून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, ही गोष्ट फक्त मला माहीत होती. दारात गायकर नव्हता. रस्त्यापलीकडचा घोळका आणखी पलीकडे गेला होता. सुनंदाबाई मात्र पदर खोचून फोटोसमोर उभ्या होत्या, आणि हळूच म्हणाल्या, “लागला हो. लागला दिवा.”

ते कोणालाच ऐकू गेलं नाही. स्कॅनरला कान असतात, तोंड नसतं.

आवाज थांबला. आकडे पुन्हा धावायला लागले. तसा किती वेळ गेला कोण जाणे. मग मला दुसरा आवाज ऐकू आला. बारीक. शूं… शूं… स्टोव्हची पिन काढल्यावर येतो तसा. तो स्पीकरमधून येत नव्हता. सेटच्या पोटातून येत होता. बुडातून एक ताजा, तपकिरी थेंब फुगला आणि ओघळला.

भीती वाटण्याचेही दोन प्रकार असतात. एका प्रकाराने माणूस बसतो, दुसऱ्याने उठतो. त्या थेंबाने मी उठलो. मी अ‍ॅडॉप्टर भिंतीतून उपटला.

सेट चालूच राहिला.

भिंतीशी काही संबंध न उरलेला तो सेट माझ्याकडे बघून खरखरत होता. मग खरखर जड झाली, खोल गेली, आणि गायकर म्हणाला होता तसाच तो कण्हायला लागला. मी त्याला हात लावला. गरम. नुसता कोमट नव्हे, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा. आणि नाकाला आंबट, झोंबणारा वास.

“बाई, ह्या भिंतीच्या मागे काय आहे?”

“ड्रम हायत. सॉल्व्हन्टचे.”

सॉल्व्हन्ट म्हणजे पेट्रोलसारखं पेटणारं द्रव्य. एका विटेच्या पलीकडे.

मी खिशातला रुमाल सेटभोवती गुंडाळला, अँटेनाची वायर ओढून काढली आणि धावलो. आयुष्यात मी एवढा कधी धावलो नव्हतो, पेणहून सुटलेल्या एस.टी.मागेसुद्धा नाही. बाई माझ्या पुढे गेल्या. गेटच्या खांबाला आगीसाठी लाल बादल्या टांगलेल्या असतात. त्यांनी वाळूची बादली खाली उतरवली, रस्त्याच्या मधोमध ठेवली. मी सेट त्यात कोंबला. बाईंनी दोन्ही हातांनी वर वाळू लोटली.

फट्!

वाळू उडाली. रस्त्यापलीकडून कोणीतरी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. मग बादलीतून धुराची एक रेघ निघाली, आणि सगळं गप्प झालं.

साहेब ऑफिसमधून पळत आले. “गेला का?”

“काय गेला का?”

“ते…” साहेबांनी हाताने हवेत काहीतरी काढून दाखवलं. बी.कॉम., एल.एल.बी. माणूस.

“सेल फुटलाय साहेब. बाकी कोणी आलं नव्हतं, तर जाईल कोण?”

सेट गार झाल्यावर मी तो वाळूतून काढला आणि सगळ्यांसमोर, गेटच्या दिव्याखाली मागचं झाकण उघडलं. आत सेलांची पिवळी केस होती. तिथेच मला निम्मं कळलं.

ह्या सेटबरोबर सेल ठेवायच्या दोन केस येतात, एक काळी, एक पिवळी. काळीत साधे सेल घालायचे, दुकानात मिळणारे, संपले की फेकायचे. पिवळीत चार्जिंगचे सेल, जे पुन्हा पुन्हा भरता येतात. काळ्या केसला चार्जिंगचा काँटॅक्टच नसतो. भिंतीतली वीज तिच्यातल्या सेलपर्यंत जातच नाही. पिवळीला असतो. पिवळीत चुकून साधे सेल घातले, तर अ‍ॅडॉप्टर त्यांनाही भरायला जातो. साधा सेल भरला जात नाही. पोट भरलेल्या माणसाला आग्रह करकरून वाढावं तसं होतं. तो तापतो, फुगतो, आतलं पाणी बाहेर सोडतो, आणि शेवटी फुटतो. मात्र त्या आधी थोडीशी वीज पोटात धरून ठेवतो. वायर काढल्यावरही सेट कण्हला तो त्यामुळे.

पिवळ्या केसमध्ये लाल कागदाचे साधे सेल होते. एक फुटलेला, बाकीचे टम्म.

“हे आत कोणी घातले?”

तेवढ्यात माझं लक्ष गायकरच्या खिशाकडे गेलं. खिशात छोटा ट्रान्झिस्टर.

“गायकर, तुमचा रेडिओ नीट चालतो का हो?”

“नाय ना. दसऱ्याला नवा जीव घातला सेलांना, तरी आवाज लवकर बसतो.”

“जीव घातला म्हणजे?”

“म्हंजे पत्र्यावर टाकले.”

आमच्याकडे हे घरोघरी चालतं. सेल उतरले की कौलावर नाहीतर पत्र्यावर उन्हात टाकायचे. थोडे तरतरी धरतात. खंडेनवमीला गेटवरच्या सगळ्या वस्तू पूजेसाठी पुसायला काढल्या होत्या. टॉर्च, ट्रान्झिस्टर, भिंतीवरचं घड्याळ आणि म्हात्रे गेल्यापासून बंद असलेला हा सेट. सगळ्यांच्या पोटातले सेल काढले आणि पापड घालावेत तसे एकाच पत्र्यावर वाळत घातले. संध्याकाळी ज्याच्या हाताला जे आले, ते त्याने समोर असेल त्याच्या पोटात घातले. सेट पुसताना खटका ‘ऑन’ झाला. मग झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू लावलं, अ‍ॅडॉप्टर होता तसा परत खोचला. पूजा यथासांग झाली.

गायकरच्या ट्रान्झिस्टरमधून सेटचे चार्जिंगचे सेल निघाले. त्याने ते माझ्या हातावर ठेवले, चोरीचा माल परत करावा तसे.

“आनि बंद पिलगमदून वीज कशी आली?” घोळक्यातून कोणीतरी विचारलं. घोळका आता बराच अलीकडे आला होता.

मी आत जाऊन टेस्टर घातला. लख्ख पेटला. बटण बंद, तरी पेटला. कंपनीच्या वायरमनला बोलावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, “हो, तो पॉइंट बाहेरच्या दिव्यांच्या लाइनवर आहे. पावसात आतली वायर जळाली, तेव्हा तात्पुरता घेतला होता. बटण नुसतं शोभेचं आहे.”

बाहेरचे दिवे सबस्टेशनमधून अंधार पडला की लावायचे. दिवे लागले की प्लग जिवंत, प्लग जिवंत की सेट जिवंत. दिवस लहान झाले, दिवे लवकर लागायला लागले, सेट लवकर बोलायला लागला. सकाळी दिवे मालवले की सेलात उरलेल्या विजेवर थोडं कण्हायचा आणि संपायचा.

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. “म्हणजे भूत नाही. मिटलं.”

“नाय मिटलं,” सुनंदाबाई म्हणाल्या. “यांना बोलावतो कोन?”

खरं होतं. वीज कुठून येते ते मी सांगितलं होतं. आवाज कुठून येतो ते नव्हतं सांगितलं. दुसऱ्या शिफ्टचे लोक पुन्हा एक पाऊल मागे सरकले. ते मागे सरकले की बाईंची नोकरीही तेवढीच मागे सरकत होती.

सेटवर आकडा कुठे थांबला होता तो मी बघितला होता. भीतीतही आकडे वाचायची सवय जात नाही. तो कंपनीच्याच पाणीपुरवठ्याचा चॅनेल होता. मी साहेबांना विचारलं, “म्हात्र्यांचा वॉकी-टॉकी कुठे आहे?”

“स्टोअरच्या कपाटात. ते गेले तेव्हा जमा केला.”

मी तो ताब्यात घेतला. त्याच्या स्वतःच्या चार्जरवर, ड्रमपासून लांब, अ‍ॅडमिन बिल्डिंगमध्ये चार्जिंगला लावला. त्या रात्री पेणला गेलो नाही. रोह्याला मेव्हण्याकडे राहिलो. सौ.ला फोन करून काम अवघड असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, “उलटं फिरायला लागलं का?”

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गेट ऑफिसात गर्दी होती. उंबऱ्याच्या आतसुद्धा. मी वॉकी-टॉकीला छतावरच्या अँटेनाची वायर जोडली आणि चॅनेल लावून ठेवला. स्कॅनर चॅनेल शोधत फिरतो, म्हणून कोणी बोलायला लागल्यावर तो थांबेपर्यंत पहिले शब्द निसटतात. वॉकी-टॉकी एकाच दाराशी बसून असतो. त्याचं काही निसटत नाही.

बाहेर दिवे लागले.

“कोलाड पंपहाउस बोलतोय. पंप चालू केलाय. म्हात्रे… म्हात्रे… दिवा लागला काय?”

तेच पहिले शब्द रोज निसटत होते.

कोलाडला नदीकाठी कंपनीचं पंपहाउस होतं. तिथे एकटा एक म्हातारा ऑपरेटर. संध्याकाळचा मोठा पंप चालू केला की गेटला कळवायचं, आणि गेटने ‘दिवा लागला’ म्हणायचं, म्हणजे लाइन ठीक, पाणी पोहोचलं, अशी त्याची आणि म्हात्र्यांची जुनी पद्धत, हे मागाहून त्याच्याकडूनच कळलं. कंपनीच्या कागदावर ती कुठेच नव्हती. म्हणून म्हात्रे गेले तेव्हा नोटीस बोर्डावर लागली, युनियनला कळवलं, बँकेला कळवलं. कोलाडला कळवायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

“बोला ना,” साहेब मला म्हणाले.

मी वॉकी-टॉकी सुनंदाबाईंपुढे धरला. “हे बटण दाबून बोलायचं. सोडलं की ऐकायचं.”

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. बटण दाबलं. आधी नुसताच श्वास गेला असेल कोलाडपर्यंत.

“मी सुनंदा बोलते. म्हात्र्यांची बायको. ते गेले हो मामा. श्रावनात गेले.”

बटण सोडलं. खरखर. ती खरखर मला आजही ऐकू येते, आणि आदल्या संध्याकाळच्या आवाजापेक्षा तिचीच मला जास्त भीती वाटली. पलीकडे नदी, अंधार, पंपाची घरघर, आणि एक माणूस, जो इतके दिवस रोज तिन्हीसांजेला एका गेलेल्या माणसाला हाका मारत होता.

“मला वाटलं, माझ्यावर रागावला,” आवाज आला. “नागपंचमीला ये म्हनाला व्हता, मी नाय आलो. म्हनून बोलत नाय, वाटलं.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. गायकरने टोपी काढली.

मग पलीकडून, अगदी हळू, “दिवा लागला काय, गो बाय?”

सुनंदाबाईंनी बटण दाबलं. “लागला मामा. पानी आलं.”

दुसऱ्या शिफ्टने त्या दिवशी मेन गेटने पंचिंग केलं. दिवाळीनंतर बाई पर्मनंट झाल्या. साहेबांनी ऑर्डरमध्ये ‘रेडिओ हाताळणीतील अनुभव’ असं लिहिलं. तिन्हीसांजेचा तो कॉल पुढे म्हातारा रिटायर होईपर्यंत चालू राहिला, असं गायकर सांगायचा.

धडा विचाराल तर साधा आहे. पिवळ्या केसमध्ये साधे सेल घालू नयेत. उन्हात घातलेले तर नाहीच नाही. सेट गरम लागला, तर आधी तो ड्रमांपासून लांब न्यावा, भूत आहे की नाही ते नंतर ठरवावं. आणि माणूस गेला, तर तो रोज ज्याच्याशी बोलत असे त्याला आठवणीने कळवावं. नोटीस बोर्ड कोलाडहून दिसत नाही.

आमच्या घरी सौ. अजून पत्र्यावर सेल वाळत घालते. मी काही बोलत नाही. तिन्हीसांज व्हायच्या आत फक्त गोळा करून आणतो.